आगरकर, अकोला आणि ‘सेंटेन्स’चे दोन अर्थ



‘सेंटेन्स’ म्हणजे काय, असं वर्गात विचारलं की सगळी मुलं एका सुरात ‘वाक्य’ म्हणून मोकळी होतात. मग हाच शब्द इंग्रजी पेपरातल्या कोर्टाच्या बातमीत दिसला की ती गोंधळतात. चोराला तीन वर्षांचं वाक्य दिलं म्हणजे काय, असा त्यांचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. एका शब्दाचा एकच अर्थ पाठ करून घ्यायची आपली सवय आहे. मुलांचं इंग्रजी तिथंच अडतं, असं माझं मत आहे. अर्थ वापरातून कळतो, आणि वापर दाखवायला गोष्ट लागते. म्हणून आज एका माणसाचं चरित्र सांगतो. या माणसाने ‘सेंटेन्स’चे दोन्ही अर्थ भोगले, आणि त्याच्या शिक्षणाचं एक महत्त्वाचं वळण आपल्या अकोल्यात आहे. ते म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी. आजोळी कऱ्हाडला राहून थोडं इंग्रजी शिकणं झालं आणि पुढची वाट बंद झाली. मग हा मुलगा मामलेदार कचेरीत उमेदवारी करायला लागला. शिकायची ओढ काही सुटेना. कोणाच्या तरी आधाराने शाळा होईल म्हणून तो कऱ्हाडहून रत्नागिरीला पायी गेला. तिथंही जमलं नाही, तसा परत आला. मग काही दिवस दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं.

इथं जरा थांबतो, कारण ‘कंपाउंड’ हा शब्द मुलांना शिकवायला फार छान आहे. कंपाउंड म्हणजे एकत्र करणे, मिसळणे. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं मोजून मिसळून बाटलीत भरून देणारा तो कंपाउंडर. दोन पूर्ण वाक्यं ‘अँड’ किंवा ‘बट’ने जोडली की होतं कंपाउंड सेंटेन्स, म्हणजे संयुक्त वाक्य. व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लागलं की ते कंपाउंड इंटरेस्ट, आपलं चक्रवाढ व्याज. तिन्ही ठिकाणी मूळ अर्थ एकच. फक्त घराच्या कंपाउंडचा या कुळाशी संबंध नाही. तो शब्द बहुधा मलाय भाषेतल्या ‘कांपोंग’वरून, म्हणजे वस्ती किंवा आवार या अर्थाच्या शब्दावरून, इंग्रजीत आला. मुलांना हे सांगितलं की ती स्वतःच पुढं विचारायला लागतात.

तर गोपाळ. आजोळकडचे काही नातलग अकोल्याला होते. त्यांच्या आधाराने तो वऱ्हाडात आला. तेव्हाचा वऱ्हाड डोळ्यासमोर आणा. १८५३ च्या तहाने निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला होता. भुसावळहून नागपूरकडे जाणारी रेल्वे १८६७ पर्यंत सुरू झाली होती. कचेऱ्या, जिनिंग, रेल्वे, सगळीकडे इंग्रजी कागद फिरू लागले, आणि इंग्रजी येणाऱ्या पोराला नोकरी हमखास मिळे. साहजिकच पुष्कळांना इंग्रजी हवं होतं ते तेवढ्यापुरतंच. अर्ज लिहिता आला, साहेबाचं म्हणणं समजलं, की झालं.

अकोल्याच्या शाळेत गोपाळला जे शिक्षक भेटले त्यांचं इंग्रजी मात्र एवढ्यावर थांबणारं नव्हतं. ते विष्णु मोरेश्वर महाजनी. वयाने विद्यार्थ्यापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठे. इंग्रजी साहित्यात मुरलेले, पुढं शेक्सपिअरची नाटकं आणि इंग्रजी कविता मराठीत आणणारे. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलीन’वरून त्यांनी केलेलं ‘तारा’ हे नाटक १८७९ चं आहे. इंग्रजी वाचून तो अर्थ आपल्या भाषेत उतरवून बघायचा, हे काम करणारा माणूस समोर शिकवत असेल तर मुलाला काय मिळतं, हे आपल्याला सांगायला नको. गोपाळ अकोल्यात असतानाच ‘वऱ्हाड समाचार’ या वर्तमानपत्रात लिहायला लागला. त्यातून चार पैसेही मिळत. १८७५ मध्ये तो मॅट्रिक झाला.

‘मॅट्रिक’ हाही शब्द बघा. आपल्याकडे आजोबा सांगतात, मी मॅट्रिक झालो आणि शाळा सुटली. म्हणजे मॅट्रिक हा शेवट. मूळ शब्द मॅट्रिक्युलेशन, आणि तो लॅटिनमधल्या नोंदवहीच्या नावावरून आलाय. विद्यापीठाच्या वहीत विद्यार्थी म्हणून नाव लागणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे खरं तर ती सुरुवात. गोपाळने तो शब्द त्याच अर्थाने घेतला. हातात पैसा नव्हता, पण महाजनी आणि इतर शिक्षकांनी मदत केली आणि पोरगा पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

पुण्यातल्या हालांच्या गोष्टी आपण मुलांना नेहमी सांगतो. एकच सदरा होता, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध. शिष्यवृत्त्या, बक्षिसं, वर्तमानपत्रातलं लिखाण यांवर दिवस काढत ते १८७८ मध्ये बी. ए. झाले आणि पुढं इतिहास व तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले. मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे आवडते लेखक. इथंच बाळ गंगाधर टिळकांशी गाठ पडली, आणि सरकारी नोकरी न करता शिक्षणाचं काम करायचं असं दोघांचं ठरलं. एम. ए. झालेला मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल, अशी आशा घरी असणार. आगरकरांनी आईला पत्र लिहून स्पष्ट कळवलं की मोठ्या पगाराची वाट पाहू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचं आयुष्य लोकांसाठी घालवायचं मी ठरवलं आहे. पालक म्हणून हे पत्र आज आपल्याला आलं तर काय वाटेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. एम. ए. उरकून आगरकर तिथं शिकवायला गेले. १८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी दोन वर्तमानपत्रं सुरू केली, इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर.

आणि आता तो ‘सेंटेन्स’. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना वाईट वागवलं जातंय, आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर या पत्रांत आला. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८८२ च्या जुलैत टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद झाली आणि त्यांची रवानगी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात झाली. सूट मिळून १०१ दिवसांनी सुटका झाली. त्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिलं. वर्गात वाचून दाखवावं असं पुस्तक आहे, तक्रारीचा सूर फार कमी आणि निरीक्षण भरपूर.

कोर्टाने दिला तो सेंटेन्स, आणि आपण व्याकरणात शिकवतो तोही सेंटेन्स. हे झालं कसं? लॅटिनमध्ये ‘सेंतेन्तिया’ म्हणजे मत, निर्णय. एखाद्याने पूर्ण विचार करून काढलेला, बोलून दाखवलेला निष्कर्ष. न्यायाधीशाने बोलून दाखवलेला निष्कर्ष म्हणजे शिक्षेचा सेंटेन्स. आपण एक पूर्ण विचार शब्दांत मांडला की तो व्याकरणातला सेंटेन्स. म्हणून तर मुलांना सांगायचं, विचार पूर्ण झाल्याशिवाय पूर्णविराम द्यायचा नाही. याच प्रसंगातला दुसरा शब्द ‘कन्व्हिक्शन’. कोर्टात गुन्हा शाबीत होणे हे कन्व्हिक्शन, आणि मनाची पक्की खात्री, ठाम मत हेही कन्व्हिक्शन. वाक्यात वापरताना पहिल्या अर्थी शेजारी गुन्ह्याचं नाव येतं, दुसऱ्या अर्थी मताचं. मुलांना आधी शेजारचे शब्द बघायला लावायचे, डिक्शनरी नंतर.

तुरुंगाच्या त्या दिवसांत आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराला हात घातला. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये छापून आलं. अकोल्याच्या गुरूने शेक्सपिअरचं एक नाटक मराठीत आणलं होतं, आता शिष्याने दुसरं आणलं. या नाटकात हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आहे. नावं बदलणं तसं सोपं. कठीण असतात ते रोजचे साधे शब्द. हॅम्लेटचं ते जगप्रसिद्ध स्वगत इंग्रजीतल्या सगळ्यांत लहान क्रियापदावर उभं आहे, ‘बी’ या क्रियापदावर. पहिलीच्या पोराला ‘ॲम, इज, आर’ म्हणून आपण शिकवतो तेच हे. मराठीत त्याला असणे म्हणायचं, होणे, राहणे की जगणे? भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. आपल्या मुलांना हाच प्रश्न लहान प्रमाणात रोज पडतो. ‘आय ॲम हिअर’मध्ये ॲम म्हणजे ‘आहे’, आणि ‘आय वॉन्ट टु बी अ डॉक्टर’मध्ये बी म्हणजे ‘होणे’. हे समजावून न सांगता नुसतं कोष्टक पाठ करून घेतलं तर पोरगं म्हणणारच, सर, ‘बी’ कुठून आला?

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही संस्कृतच्या शिक्षकांच्या टेबलावर असतो. आगरकर तिथं शिकवत होते. इकडे ‘केसरी’त मतभेद वाढले. टिळकांचं म्हणणं आधी राजकीय प्रश्न, आगरकरांचं म्हणणं घरातल्या अन्यायाला उद्यावर टाकता येत नाही. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांनी ‘सुधारक’ काढला. एकाच अंकात मराठी आणि इंग्रजी. मराठी बाजू आगरकर लिहीत, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले.

त्याच १८८८ सालचं त्यांचं एक पुस्तक आहे, ज्याची आठवण शिक्षकांनासुद्धा फारशी नसते. ‘वाक्यमीमांसा’. सुधारक आगरकर सगळ्यांना माहीत असतात, व्याकरणकार आगरकर कोणाला माहीत नसतात. इंग्रजी व्याकरणात वाक्याचे भाग पाडून दाखवायची जी पद्धत होती, ज्याला आपण ॲनालिसिस म्हणतो, ती मराठी वाक्यांना लावून बघण्याचं काम त्यांनी यात केलं. उद्देश्य, विधेय, मुख्य वाक्य, गौण वाक्य, वाक्यपृथक्करण हे सगळं आपण आज जे शिकवतो, त्या घडणीत या पुस्तकाचा वाटा आहे. सहा वर्षांपूर्वी सेंटेन्स भोगून आलेल्या माणसाने सेंटेन्सवर पुस्तक लिहिलं.

या कामात किती खाचखळगे असतात ते वर्गातल्या उदाहरणाने बघू. ‘आय ॲम हंग्री’मध्ये कर्ता ‘आय’. मराठीत आपण म्हणतो, मला भूक लागली. इथं लागली कोण? भूक. म्हणजे व्याकरणाने कर्ता ‘भूक’ झाली आणि ‘मी’ला ‘ला’ प्रत्यय लागून तो बाजूला बसला. ‘आय लाइक मँगोज’ आणि ‘मला आंबे आवडतात’ याचंही तेच. ‘माझ्या हातून ग्लास फुटला’ या वाक्यात तर मराठी माणसाने स्वतःला किती अलगद सोडवून घेतलंय बघा! इंग्रजीत सरळ कबूल करावं लागतं, ‘आय ब्रोक द ग्लास’. आपलं लेकरू ‘फ्रॉम माय हँड ग्लास ब्रोक’ असं लिहितं तेव्हा त्याला ढ म्हणायचं कारण नाही. त्याने मराठी वाक्याची मांडणी इमानदारीने इंग्रजीत नेली आहे. दोन्ही वाक्यं शेजारी लिहून कर्त्याखाली रेघ मारायला लावली तर हा घोळ दोन तासिकांत बराच कमी होतो. अर्थ शब्दाबरोबर वाक्याच्या मांडणीतही असतो.

‘सुधारक’मधले त्यांचे निबंध एका इंग्रजी शब्दाभोवती फिरतात असं मला वाटतं, तो शब्द ‘रीझन’. आपण मुलांना सांगतो, रीझन म्हणजे कारण. ‘व्हॉट इज द रीझन?’ बरोबरच आहे. पण दुसरा अर्थ आहे विवेक, तर्क करायची बुद्धी. रूढी आहे म्हणून पाळा, असं कोणी म्हणालं की आगरकर कारण विचारत आणि ते बुद्धीच्या तराजूत तोलत. म्हणजे दोन्ही रीझन एकदमच. बालविवाह, केशवपन, विधवांचे हाल, सोवळंओवळं, बायकांचं शिक्षण, अगदी पोशाखसुद्धा, काही सोडलं नाही. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, हे त्यांनी त्या काळात लिहिलं. ‘रीझन’चं कूळही मजेचं आहे. लॅटिन ‘रातिओ’ म्हणजे हिशेब, मोजदाद. त्यातूनच रेशो म्हणजे गुणोत्तर, रॅशनल म्हणजे बुद्धीला धरून असलेलं, आणि मोजून मिळतं ते रेशन. आपल्याकडे खेड्यात ज्याला कंट्रोलचं धान्य म्हणतात ते आणि आगरकरांचा बुद्धिवाद, शब्दाच्या नात्याने चुलत भाऊ आहेत म्हणा ना.

यातून लोकांचा राग किती ओढवला? विरोधकांनी पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. घरात दम्याचा आजार, पगार बेताचा, बाहेर हे असं. यशोदाबाईंनी हा संसार कसा रेटला असेल, यावर मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच दोन ओळी सापडतात.

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. तोवर मुलीचं संमतीचं वय दहा वर्षं होतं, ते बारा करायचं. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले, टिळक विरोधात. सरकारने आमच्या चालीरीतीत हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा होता. या कायद्याचं इंग्रजी नाव ‘एज ऑफ कन्सेंट’. कन्सेंट म्हणजे संमती, होकार. आज पालकांना शाळेतून ‘कन्सेंट फॉर्म’ येतो, सहलीला, लसीकरणाला. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी त्यावर सही करतो. सही करतो म्हणजे मी समजून घेऊन हो म्हणतोय. दहा वर्षांच्या मुलीला काय समजणार आणि ती हो कशी म्हणणार, या एका प्रश्नावर त्या वेळी अख्खा महाराष्ट्र भांडत होता. ‘कन्सेंट’ शिकवताना ‘परमिशन’शी त्याची गल्लत होऊ देऊ नये. परमिशन वरचा माणूस देतो, हेडमास्तर रजा मंजूर करतात तशी. कन्सेंट ज्याच्याशी गोष्ट घडणार आहे तो देतो, किंवा तो लहान असेल तर त्याचे आईवडील. आणखी एक, कन्सेंट, सेन्स, सेंटिमेंट आणि आपला सेंटेन्स, चारही शब्द एकाच लॅटिन धातूचे. वाटणे, जाणवणे हा त्याचा अर्थ.

१८९२ मध्ये आपटे गेले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. प्रिन्सिपल. उच्चार एकच आणि स्पेलिंग दोन, हा मुलांचा कायमचा त्रास. शेवटी ‘ए-एल’ असेल तर मुख्य. कॉलेजचा मुख्य, वाक्यातलं मुख्य वाक्य, आणि कर्जातली मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल. शेवटी ‘एल-ई’ असेल तर तत्त्व. आगरकरांचं उदाहरण दिलं की मुलांच्या लक्षात राहतं, ते ‘ए-एल’वाले प्रिन्सिपल झाले आणि ‘एल-ई’वालं प्रिन्सिपल त्यांनी सोडलं नाही. पदावर बसल्यावरही ‘सुधारक’मधलं लिखाण चालूच राहिलं.

१७ जून १८९५ ला आगरकर गेले. वयाची एकोणचाळीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यासाठी लागणारे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात.

त्यांना अकोल्यात शिकवणारे महाजनी मास्तर शिष्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात ते मोठ्या पदापर्यंत गेले, आणि १९०७ मध्ये पुण्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९२३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची ‘तारा’ आणि आगरकरांचं ‘विकारविलसित’ ही दोन्ही जुन्या ग्रंथालयांत मिळू शकतात. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन कधी ग्रंथालयात गेलात तर ती मागून बघा. एखादं पान मूळ इंग्रजीशेजारी ठेवून, कोणत्या शब्दाला कोणता शब्द योजलाय ते मुलांनाच शोधायला लावा.